आपल्या घराचा इतिहास कसा शोधावा?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांचे पत्र मला आले तेव्हा त्यात व्याख्यानाचा विषय 'आपल्या ज्ञातीचा उज्ज्वल इतिहास' असा लिहिलेला होता. मी त्यांना उलट टपाली कळविले की, एवढा मोठा विषय माझ्या आवाक्यातला नाही. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, यावल तालुक्यात व आसपासच्या खेड्यांत प्राथमिक शाळांवर छत्तीस वर्षे मुले शिकविलेला मनुष्य आहे. ज्ञातीचा इतिहास विद्वानांनी लिहावा. मला एका घराचा इतिहास थोडाबहुत ठाऊक झाला आहे, तो निवृत्तीनंतरच्या रिकाम्या वेळात शोधून, आणि ते घर माझे स्वतःचे आहे. त्याविषयी बोललेले चालत असेल तर येतो. चिटणीसांनी उदार मनाने होकार दिला. 'उज्ज्वल' हा शब्द मात्र मी विषयातून मुद्दाम गाळला आहे. तो का गाळला हे पुढे ओघाने कळेलच.

आपण लेवा मंडळी गुजरातेतून आलो, पावागडाकडून निघालो, सातपुड्याच्या पायथ्याशी काळी जमीन पाहून स्थिरावलो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु तुमच्या घरचे प्रथम कोण आले, कोणत्या गावी उतरले, या गावात कोणत्या पिढीत आले, असे विचारले म्हणजे बोलणे थांबते. पणजोबांच्या पलीकडे सहसा कोणाची मजल जात नाही. त्यातही पणजोबांचे नाव बहुतेकांना येते, पणजीचे विचारले की माणूस बायकोकडे पाहतो आणि बायको सासूकडे पाहते! मी हा प्रश्न बऱ्याच गावी, बऱ्याच ओट्यांवर विचारला आहे. उत्तर देणारा क्वचितच भेटला.

इंग्लंडातील खेड्यांची स्थिती या बाबतीत निराळी आहे. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३८ साली, त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की, प्रत्येक गावच्या चर्चमधील धर्मोपदेशकाने तेथील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद एका वहीत करीत जावी. पुढे १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. त्यामुळे जेथे त्या वह्या टिकल्या आहेत तेथे एखाद्या साध्या लोहाराच्या वा शेतमजुराच्या वंशजालाही आपल्या घराच्या बारा-पंधरा पिढ्या लावता येतात, आणि गावागावांतून निवृत्त मास्तर, टपालवाले, गृहिणी हा उद्योग हौसेने करीत असतात. आपल्याकडे त्या साली बुऱ्हाणपुरास फारुकी सुलतान राज्य करीत होते, आणि एखाद्या कुणब्याच्या घरी पाळणा हलला याची दप्तरी नोंद घेण्याचे कोणास कारण नव्हते. तथापि आपल्याकडे काहीच नाही असे समजून स्वस्थ बसणे चुकीचे आहे. आपल्याकडे आहे, पण ते एका वहीत नाही. दहा ठिकाणी विखुरलेले आहे, आणि त्यातले बरेचसे मोडीत आहे.

शोधाचा आरंभ घरातूनच करावा. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसावे. त्यांना इसवी सन विचारू नये, कारण ते अदमासाने सांगतील आणि आपली फसगत होईल. त्यांना आपल्या वडिलांनी-आजोबांनी सांगितलेले प्रसंग विचारावेत. 'छपन्नाच्या साली तो रांगत होता' असे कोणी म्हटले की संवत १९५६ चा, म्हणजे १८९९–१९०० चा दुष्काळ समजावा. 'मानमोडीत गेली' म्हटले की १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. 'फैजपूरच्या काँग्रेसच्या वर्षी लग्न झाले' म्हटले की डिसेंबर १९३६ च्या मागेपुढे पाहावे. माझ्या आजोबांच्या भावंडांची वये मला अशीच लागली.

शाळेच्या जनरल रजिस्टरावर मात्र फार विश्वास ठेवू नये. हे मी सांगतो, कारण ती रजिस्टरे लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे. बाप मुलाला घेऊन दारात उभा राही आणि जन्मतारीख विचारली की 'तुम्हीच घाला गुरुजी' म्हणे. आम्ही मुलाकडे पाहून साल ठरवीत असू आणि तारीख १ जून घालीत असू. माझ्या लेखणीने कितीतरी मुले १ जूनला जन्मास आली आहेत. त्यांतली काही या मंडपातही असतील. त्यांची मी क्षमा मागतो.

घरात आणखी एक साधन असते, त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. ते म्हणजे जुनी भांडी. लग्नात आहेर केलेल्या हंड्यावर, परातीवर, तांब्यावर नाव घालण्याची आपल्याकडे रीत होती. कोणी दिले, कोणास दिले, गाव कोणते, कधी कधी मितीसुद्धा ठिपक्यांनी कोरलेली असते. स्टीलची भांडी घरात आली आणि ही पितळेची मोडीत गेली. वजनावर विकली गेली, आणि त्याबरोबर माहेरची नावे व गावेही विकली गेली. आजही जाऊन माळा पाहा. मोड देण्यापूर्वी भांडे चिंचेने घासून उन्हात धरावे आणि जे दिसेल ते लिहून घ्यावे, एवढी तरी विनंती आहे.

यानंतर भाटांच्या वह्या. काही वर्षांनी भाट येई, ओट्यावर बसून वही उलगडी, पिढ्यांची नावे वाची, नव्या मुलांची नावे चढवी आणि बिदागी घेऊन जाई. आमच्या घरची वही मी दोनदा वाचून घेतली. मूळ गाव, स्थलांतर, भाऊबंदकीच्या शाखा यांच्या माहितीसाठी हे साधन अमोल आहे, यात शंका नाही. पण त्यात दोन दोष आहेत. जेथे घराने बिदागी दिली नाही तेथे एखादी पिढी गळते. आणि मूळ पुरुष नेहमी मोठा पराक्रमीच निघतो. गरीब शेतकरी म्हणून कोणाचाच मूळ पुरुष आलेला मी अद्याप ऐकला नाही. तिसरा दोषही आहे, पण तो भाटाचा नसून आपला आहे. आमच्या वहीत स्त्रियांची नावे नाहीत, कारण आम्ही ती कधी सांगितली नाहीत. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्याही पाहाव्यात. तेथे यात्रेस गेलेल्या पूर्वजाने स्वतः सांगितलेली नावे असतात, म्हणून त्या अधिक भरवशाच्या.

वंशावळ जपण्याची हौस आपल्या खानदेशास नवी नाही, हे जाता जाता सांगतो. चाळीसगावजवळ पाटण येथे देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ काढला, त्याचा हा लेख. काळ इसवी सन १२०७. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्यात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतच्या पिढ्या ओळीने कोरल्या आहेत, आणि शेवटी मठास कोणी काय द्यावयाचे हे त्या काळच्या मराठीत आहे. तेलघाण्यांनी तेल द्यावयाचे, हेही त्यात सुटलेले नाही. मला त्या विद्वान घराण्याच्या नावांइतकेच त्या तेलाचे कौतुक वाटले. ते घाणे चालविणाऱ्यांची वंशावळ कोणी कोरली नाही; पण त्यांचे तेल तरी दगडावर राहिले.

आता सरकारी दप्तराकडे वळू. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीस गाव नमुना १४ म्हणतात; लोकांत ती 'कोतवाल बुक' या नावाने प्रसिद्ध आहे. जमिनीचा वारसा, वाटणी, खरेदी, गहाण यांच्या नोंदी फेरफाराच्या वहीत असतात. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली झाला, म्हणून फेरफार त्यापुढचेच मिळतात. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता व त्याचे मुख्य ठाणे धुळे. पूर्व व पश्चिम असे दोन भाग त्या वर्षी झाले. यास्तव आपले गाव आज जळगाव जिल्ह्यात असले तरी त्याआधीच्या कागदासाठी धुळ्यासही चौकशी करावी लागते. कागद हाती आला की कालगणना ध्यानात ठेवावी: शकात ७८, फसली सनात ५९० किंवा ५९१ आणि शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची पत्नी. आणि 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे दिसली तर ती अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वारस लहान असून त्याच्या वतीने व्यवहार पाहणारे माणूस. ही तीन अक्षरे कृपा करून ध्यानात ठेवा.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत शाळांतून मोडी गेली. माझे वडील मोडी वाचीत. मला ती येत नव्हती. निवृत्त झाल्यावर मी मोडीच्या वर्गाला जाऊन बसलो, आणि वयाच्या साठीत पुन्हा धुळाक्षरे गिरविली. २०२३ पासून जातीच्या दाखल्यांसाठी लोक कोतवाल बुके शोधू लागले, तेव्हापासून मोडी वाचणारास एकाएकी भाव आला आहे. मजकडेही लोक कागदांच्या छायाप्रती घेऊन येतात. एक शब्द सापडला की ते आनंदाने परत जातात. त्या ओळीत त्यांच्या खापरपणज्याचे मरण लिहिलेले असते, ते वाचावयास सहसा कोणी थांबत नाही.

आता माझ्या घरची हकीगत. माझे पणजोबा मानमोडीत गेले, हे आम्हांस ठाऊक होते. त्यांच्या मागे दोन मुलगे राहिले, त्यांतले धाकटे माझे आजोबा. घरात अशी कथा चालत आली होती की, पणजोबांच्या थोरल्या भावाने दोन्ही पोरक्या पुतण्यांची जमीन सांभाळली व ते कर्ते झाल्यावर तसूभरही न ठेवता परत केली. दर वर्षी अक्षय्यतृतीयेला आमच्याकडे त्या थोरल्या पणजोबांच्या नावाने आवर्जून पाणी सोडले जाई. पणजीचा उल्लेख या कथेत कोठेही नव्हता.

कोतवाल बुकात मी १९१८ ची पाने काढली. एरवी महिनाभराच्या मृत्यूंना पाऊण पान पुरते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पानामागून पाने भरली आहेत आणि कारणाच्या रकान्यात सर्वत्र एकच शब्द आहे, 'ताप'. एका पानावर मधूनच अक्षर बदलते. लिहिणारा स्वतःच आजारी पडला असावा, असा माझा तर्क आहे. त्या बदललेल्या अक्षरात, पाचव्या ओळीवर, माझ्या पणजोबांचे नाव मिळाले. मी कागदावरून बोट उचलले आणि बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

त्यानंतर फेरफार पाहिले. १९१९ ची वारसनोंद: दोन्ही मुलगे अज्ञान, अ. पा. क. आई. म्हणजे कागदोपत्री जमीन पाहणारी माझी पणजी होती, थोरले पणजोबा नव्हेत. वाटण्या आधीच झालेल्या होत्या. दोन वर्षांनी तीच जमीन कबजेगहाण दिल्याची नोंद आहे, आणि गहाण घेणारे होते खुद्द थोरले पणजोबा. १९३० साली गहाण फिटल्याची नोंद; फेडणारी पुन्हा पणजीच. नऊ वर्षे तिने दुसऱ्याच्या बांधावर निंदणी-वेचणी करून रुपयाला रुपया जोडला असेल, तेव्हाच हे घडले. आम्ही मात्र पाणी सोडीत होतो दुसऱ्याच्याच नावाने!

तिचे नाव फेरफारात होते, पण पुसट. दोन प्रकारे वाचता येईल असे. ते निश्चित झाले एका हंड्यावरून. माझ्या आत्याच्या घरी तो माळ्यावर पडला होता आणि दिवाळीच्या आवराआवरीत मोडीत निघणार होता. त्यावर तिचे नाव, तिच्या भावाचे नाव आणि माहेरचे गाव, तिन्ही कोरलेली निघाली. शंभर वर्षांनी आम्हांला आमच्या पणजीचे आजोळ-माहेर कळले ते एका भांड्याने.

येथे मी थांबलो असतो तर हे व्याख्यान माझ्या तरी मनासारखे झाले असते. परंतु थोरल्या पणजोबांच्या शाखेतले आमचे वडीलधारी बंधू, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, ते हयात आहेत. त्यांना न दाखविता हे चारचौघांत बोलणे मला योग्य वाटले नाही. मी नकला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि काही न बोलता परत केले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः काठी टेकीत माझ्या घरी आले.

"मास्तर," ते म्हणाले, "कागद खरा आहे. पण ती जमीन माझ्या पणज्याने गहाण घेतली नसती, तर बाजारातल्या सावकाराने घेतली असती. त्याच्याकडून ती नऊ वर्षांनी सुटली असती का?"

मी म्हणालो, "नाना, पण नऊ वर्षे पीक तुमच्या खळ्यात गेले."

"गेले," नाना म्हणाले. "आणि ती दोन पोरे जेवत कोठे होती? माझ्या आजीने सांगितले आहे मला. आमच्याच चुलीवर, माझ्या आज्याबरोबर, एका ताटात. ते तुझ्या फेरफारात लिहिले आहे काय?"

ते लिहिलेले नव्हते. छत्तीस वर्षे मी पोरांना प्रश्न विचारले, पण नानांच्या या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते. माझ्या वहीत मी प्रत्येक पानाचे दोन भाग केलेले आहेत, 'पाहिलेले' आणि 'ऐकलेले'. गहाणखत पहिल्या बाजूस आहे. त्याच्या समोर, दुसऱ्या बाजूस, मी नानांचे शब्द त्यांच्यासमक्ष लिहिले आणि खाली त्यांची सही घेतली. दोन्ही शाखांची नावे व गावाचे नाव सभेत घेणार नाही, असा शब्द मी त्यांना दिला आहे. म्हणून पणजीचे नावही मी येथे उच्चारीत नाही. यंदाच्या अक्षय्यतृतीयेला मात्र आमच्याकडे दोन घागरी भरल्या गेल्या, आणि दुसऱ्या घागरीच्या वेळी नाना येऊन बसले होते.

हे सारे मी सांगितले ते, आपले कागद शोधू लागलात तर केवळ पराक्रमच सापडेल असे समजू नये म्हणून. आमच्या घरी अशीही कथा आहे की, आमचा एक पूर्वज गोऱ्या साहेबापुढे ताठ उभा राहिला. १८५२ साली जमिनीच्या मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल भागात लोकांनी मोठा दंगा केला होता, तेव्हा कथा अगदीच अशक्य नाही. पण मी पुष्कळ शोधूनही त्याचे नाव मिळाले नाही. ती कथा 'ऐकलेले' या बाजूस आहे आणि पुरावा मिळेतो तेथेच राहील. तसेच, १८१८ च्या मागचा कागद मिळाला नाही तर खंत करू नये. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी खानदेश उद्ध्वस्त केला, पाठोपाठ १८०३–०४ चा दुष्काळ, मग पेंढारी. कित्येक गावे ओस पडली आणि पुढे नव्याने वसली. जेथे माणसेच राहिली नाहीत तेथे कागद कोठून राहणार?

जे राहिले ते कोणामुळे राहिले, हे धुळ्यास गेल्यावर दिसते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जन्मभर वाड्यावाड्यांतून, देवघरांतून आणि माळ्यांवरून कागद गोळा केले. १८९८ साली त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला, आणि पुढे बावीस खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास त्यांचा देह पडला. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, ते त्यांचे दप्तर जपण्यासाठी. मी ते दप्तर पाहिले तेव्हा मनात आले, राजवाड्यांना कागद देणाऱ्या घरांतही कोणीतरी म्हातारे माणूस 'हे कशाला पाहिजे यांना' म्हणून कुरकुरले असेल.

आणि कागदही सगळे सांगत नाही. आपल्या बहिणाबाई चौधरी यांचेच पाहा. आसोद्याची लेक, जळगावची सून, अक्षर ओळखीत नव्हत्या. जात्यावर, शेतात त्या गात. मुलगा सोपानदेव व घरातील नातलगाने ते वेळोवेळी टिपून ठेवले, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या कवितांचे पुस्तक होऊ शकले. घरात वही धरणारे कोणी नसते तर आज बहिणाबाईंचे नाव एखाद्या कोतवाल बुकातील एका ओळीत असते. ज्यांच्या आज्या जात्यावरच्या ओव्या म्हणत, त्यांनी आठवतील तेवढ्या लिहून ठेवाव्यात. ओवीत बापाचे, भावाचे आणि माहेरच्या गावाचे नाव येते. वंशावळ लावताना तोही दुवा उपयोगी पडतो.

मंडळ या स्मरणिकेबरोबर सभासद कुटुंबांची सूची छापते. त्यात कुटुंबप्रमुख, वडील, आजोबा, व्यवसाय आणि दूरध्वनी असे रकाने आहेत. चिटणीसांना माझी विनंती आहे की, पुढील वर्षापासून त्यात आणखी दोन रकाने घालावेत: आईचे पूर्ण नाव व माहेर, आणि आजीचे पूर्ण नाव व माहेर. छपाईचा खर्च थोडा वाढेल. तो मी माझ्या निवृत्तिवेतनातून काही अंशी देईन, असे त्यांना आधीच सांगितले आहे. त्यांनी कार्यकारिणीपुढे ठेवतो असे म्हटले आहे.

मी वही बरोबर आणली आहे. कोणाजवळ मोडी कागद असतील तर भोजनानंतर मंडपाच्या डाव्या बाजूस, पाण्याच्या पिंपाजवळ मी बसतो. मूळ कागद देऊ नयेत, छायाप्रत द्यावी; आणि कागदाची घडी जेथे जुनी आहे तेथेच घालावी, नवी घालू नये.